मदत हवी आहे : पडद्यावरचा 'सेज' संगणक ओळखायचा कसा?

नमस्कार मंडळी,

जुन्या अमेरिकन विज्ञानमालिका बघताना माझं लक्ष कथेपेक्षा मागच्या भिंतीवर लुकलुकणाऱ्या दिव्यांकडेच जातं. (घरचे वैतागतात, ते असो.) 'द टाइम टनेल' (१९६६) आणि 'वॉरगेम्स' (१९८३) यांत आयबीएमच्या एएन/एफएसक्यू-७ ची पॅनेलं आहेत, एवढं ठाऊक आहे. सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांवर नजर ठेवायला अमेरिकन हवाई दलाने १९५८ पासून कामाला लावलेल्या 'सेज' यंत्रणेचा हा संगणक. वजन सुमारे २५० टन, आत हजारो व्हॅक्यूम ट्यूब. केंद्रं बंद पडत गेली आणि पॅनेलं स्टुडिओत पोचली.

घोळ असा की 'बॅटमॅन'सारख्या मालिकांत बरोज २०५ हा दुसरा जुना संगणक सुद्धा दिसतो, आणि तो काही लष्करी नव्हे. चित्र थांबवून दोन्ही वेगळे कसे ओळखायचे?

दुसरं, तसंच छोटं पॅनेल घरी बनवायचं आहे. मूळ संगणकाला ३ मेगावॉट वीज लागायची, म्हणजे सेटवर तो चालू नसणारच. मग नुसते निऑन दिवे लुकलुकवायचे कसे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद

दिवे मोजा. बरोज २०५ दशमान पद्धतीचा, एकेका अंकाला १, २, ४, ८ असे चार बिट. त्यामुळे दिवे चार-चारच्या गटांत दिसतात. क्यू-७ (म्हणजे एएन/एफएसक्यू-७) निव्वळ द्विमान, शब्द (एका वेळी हाताळायचा बिटांचा गट) ३२ बिटांचा, १६-१६ चे दोन भाग. तिथे लांबलचक रांगा शोधा. अर्धंच पॅनेल कॅमेऱ्यात आलं असेल तर मात्र मोजणी फसते.

निऑनला संगणक लागतच नाही. ठरावीक व्होल्टेजला तो पेटतो आणि त्याहून बऱ्याच खाली उतरल्यावरच विझतो. डीसी पुरवठ्यावर मोठा रेझिस्टर आणि दिव्याला समांतर कपॅसिटर लावला की आपोआप लुकलुकतो. प्रत्येक दिव्याला रेझिस्टर-कपॅसिटरची मूल्यं थोडी वेगळी ठेवा, म्हणजे सगळे एका तालात पेटणार नाहीत. पण यात नव्वदेक व्होल्ट खेळवावे लागतात. हात बसलेला नसेल तर सरळ नारिंगी एलईडी आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) वापरा.

धागाकर्ता

खूप आभार! 'बॅटमॅन'मध्ये चार-चारचे गट सापडले. एलईडीच घेतो. पण त्याचा ठिपका फार टोकदार दिसतो, निऑनसारखी मऊ झळाळी येत नाही. वर दुधी अॅक्रिलिक लावलं तर चालेल, की एलईडीच घासून घ्यावेत?