ऑक्टोबरफेस्टला आईवडिलांना न्यावे का?

न्यूरेंबर्गवासी :
माझे आईवडील सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे येत आहेत. त्याच सुमारास म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा मोठा उत्सव चालू असेल. दोघेही सत्तरीला आलेले आहेत, वडील मद्याला स्पर्श करत नाहीत आणि आई शाकाहारी आहे. तिथे केवळ मद्यपान आणि गोंगाट असतो की आमच्यासारख्यांनाही तिथे जाऊन काही पाहता येईल? तंबूत जागेचे आरक्षण आधी करावेच लागते का? ज्यांनी हा उत्सव स्वतः अनुभवला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

इसारकाठी :
अवश्य न्या, मात्र सोमवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस निवडा आणि सकाळी अकराच्या आत पोहोचा. मी म्युनिकमध्ये अनेक वर्षे राहते आणि ज्यांना हा उत्सव आवडला नाही असे बहुतेक पाहुणे शनिवारी संध्याकाळी गेलेले होते, हे मी वारंवार पाहिले आहे. मैदानात प्रवेशासाठी शुल्क नाही. तंबूतली जागा आरक्षित करायची तर साधारणपणे आठ-दहा जणांचे पूर्ण टेबल घ्यावे लागते आणि ठरावीक खाण्यापिण्याचे पैसे आगाऊ भरावे लागतात, त्यामुळे तीन माणसांसाठी तो मार्ग सोयीचा नाही. प्रत्येक मोठ्या तंबूत काही बाके आरक्षणाविना मोकळी ठेवलेली असतात. सकाळी ती सहज मिळतात, फक्त अनोळखी लोकांशेजारी बसण्याची तयारी हवी. बसल्याशिवाय बिअर मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

म्युनिककर या उत्सवाला ‘वीझन’ म्हणजे कुरण म्हणतात. 1810 साली बव्हेरिया राज्याचे युवराज लुडविग आणि राजकन्या तेरेझा यांच्या विवाहानिमित्त शहराबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत झाली, तिथून ही परंपरा सुरू झाली आणि त्या कुरणाला तेरेझाचेच नाव मिळाले. आज तिथे म्युनिकच्या सहाच मद्यनिर्मात्यांची बिअर मिळते. त्यांपैकी आउगुस्टिनर अजूनही ती लाकडी पिंपांतून ओतते. एक लिटरच्या पेल्याला ‘मास’ म्हणतात. 2025 साली त्याचा दर तंबूनुसार 14.50 ते 15.80 युरो होता. पेला टेबलावर ठेवला की लगेच पैसे द्यायचे असतात, म्हणून रोख रक्कम जवळ ठेवा. ही बिअर नेहमीपेक्षा कडक, सुमारे सहा टक्क्यांची असते, तेव्हा तुम्ही स्वतः घेणार असाल तर जपून घ्या.

वडिलांसाठी सफरचंदाच्या रसात सोडा मिसळलेले ‘आप्फेलशोर्ले’ उत्तम. ‘अल्कोहोलमुक्त’ बिअरमध्येही अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकते, त्यामुळे ती टाळलेली बरी. आईंना ‘केझेश्पेट्स्ले’ म्हणजे चीज आणि परतलेला कांदा घातलेला नूडल्ससारखा पदार्थ मिळेल, परंतु त्याच्या पिठात अंडे असते. ‘ओबाट्स्डा’ या मसालेदार चीजमध्ये पुष्कळदा थोडी बिअर घालतात, म्हणून वडिलांसाठी घेताना आधी विचारून घ्या.

पाठीवरच्या मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत. मर्यादा तीन लिटरची आहे.

डोंगरवाट :
वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु वयस्कर माणसांना मी मोठ्या तंबूआधी ‘ओइडे वीझन’ म्हणजे जुन्या वीझनमध्ये नेईन. 2010 साली उत्सवाला दोनशे वर्षे झाली, तेव्हा मैदानाच्या दक्षिण टोकाला तो भाग सुरू झाला. तिथे प्रवेशशुल्क असले (2025 साली ते चार युरो होते), तरी जुनी फिरती चक्रे, बव्हेरियन लोकनृत्ये आणि दगडी मातीच्या पेल्यांतून बिअर देण्याची जुनी पद्धत पाहायला मिळते. माझ्या वडिलांनी तिथे नर्तकांचे पदन्यास पाहत दोन तास घालवले आणि निघताना त्यांचा पाय निघत नव्हता.

प्रवेशद्वारापाशी 26 सप्टेंबर 1980 रोजीच्या बॉम्बस्फोटातील बळींचे स्मारक आहे. तिथे क्षणभर थांबावे, असे मला मनापासून वाटते. हल्लेखोराखेरीज 12 जणांचे प्राण त्या हल्ल्यात गेले आणि दोनशेहून अधिक माणसे जखमी झाली.

न्यूरेंबर्गवासी :
दोघांचेही मनापासून आभार. मंगळवारी सकाळी जायचे ठरवत आहे. आईचे गुडघे दुखतात. स्थानकापासून किती चालावे लागेल?

इसारकाठी :
मुख्य रेल्वे स्थानकापासून पायी पंधरा मिनिटे लागतात. भुयारी रेल्वेने आलात तर ‘तेरेझियनवीझे’ स्थानक अगदी मैदानालगत आहे, परंतु तिथे गर्दी फार होते. परतताना ‘गोएटेप्लाट्स’ स्थानकावरून गाडी पकडा, चालणे थोडे वाढते पण रेटारेटी कमी असते. मंगळवार चांगला निवडलात, कारण तो कुटुंबांचा दिवस असतो आणि पाळण्यांवर सवलत मिळते. मैदानाच्या कडेला असलेल्या ‘बव्हेरिया’ या स्त्रीरूपातल्या भव्य कांस्यपुतळ्याच्या डोक्यापर्यंत आतून जिना जातो, मात्र तो अरुंद आहे. आईंनी पायथ्याच्या पायऱ्यांवरूनच मैदान पाहावे, तिथूनही सगळे तंबू दिसतात.

बेर्खप्रेमी :
तुम्ही न्यूरेंबर्गला राहता, म्हणून आणखी एक सुचवतो. आईवडील पुन्हा कधी मे-जून महिन्यांत आले, तर शेजारच्या एरलांगेनचा ‘बेर्गकिर्खवाय’ दाखवा. तो 1755 सालापासून चालत आलेला, म्हणजे ऑक्टोबरफेस्टहूनही जुना आहे, आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या आधीच्या गुरुवारी सुरू होऊन बारा दिवस चालतो. टेकडीच्या पोटात खोदलेल्या जुन्या तळघरांसमोर, मोठ्या झाडांच्या सावलीत लोक उघड्यावर बसतात. दुपारी तिथे इतके निवांत असते, की वयस्कर माणसांनाही गप्पा मारत बसता येते.