आरओचं पाणी मचूळ लागतंय, मेंब्रेन खरंच गेलंय का?

शिवोलीची_सून:
नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यात शिवोलीला राहतो, घर खाडीपासून जवळच. नळाचं पाणी पहाटे येतं आणि मे महिन्यात ते पुरत नाही म्हणून आम्ही विहिरीचा पंप लावून तेच पाणी गच्चीवरच्या टाकीत सोडतो, दोन्ही एकत्र. आरओ तीन वर्षांचा आहे. गेले पंधरा दिवस सासूबाई रोज सांगतायत की चहा मचूळ लागतो, मी म्हटलं दुधाचं असेल, पण मग पेजेलाही तीच चव आली तेव्हा मीच नुसतं पाणी पिऊन बघितलं आणि खरंच खारट वाटलं. शिवाय आरओची मोटर दिवसभर घुं घुं करत असते आणि तरी संध्याकाळी त्याची आतली टाकी अर्धीच. टेक्निशियन आला, आमच्या ग्लासात मीटर बुडवला, १४० दाखवलं, म्हणाला मेंब्रेन, म्हणजे मीठ अडवणारा आतला पडदा, गेलं, सगळा सेट बदला, ४,८०० रुपये. पाच मिनिटं पण थांबला नाही. घरात दोन लहान मुलं आहेत त्यामुळे पाण्याच्या बाबतीत मला धोका नको, पण पैसेही उगाच घालवायचे नाहीत. आधी घरच्या घरी काय तपासू?

फिल्टरवाला_फोंडा:
ताई, सेट अजिबात बदलू नका. नुसत्या ग्लासातल्या १४० वरून मेंब्रेनबद्दल काहीच सांगता येत नाही, आत जाणारं पाणी किती टीडीएसचं आहे, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार किती, ते कोणी मोजलंच नाही. मी बारा वर्षं ही मशिनं उघडतोय, सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मीटर दोन-तीनशेला मिळतो, घेऊन टाका. नळाचं, विहिरीचं आणि गच्चीवरच्या टाकीतलं असं तिन्ही वेगवेगळं मोजा, प्रत्येक वेळी मीटरची टोकं त्याच पाण्याने विसळून घ्या, नाहीतर आधीचं मीठ पुढच्या आकड्यात येतं.

मग झाकण काढा. मेंब्रेनच्या नळकांड्याला एका बाजूने पाणी आत जातं, दुसऱ्या बाजूला दोन पाईप असतात, एक वेस्टचा, त्यावर एफआर म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर बसवलेला असतो, आणि दुसरा शुद्ध पाण्याचा. हा दुसरा पाईप काढून भांड्यात सोडा आणि मशीन पंधरा मिनिटं चालू द्या, पहिलं पाणी फेका. रात्रभर बंद असताना मेंब्रेनमधून मीठ हळूहळू पलीकडे झिरपतं, म्हणून सकाळचा पहिला ग्लास नेहमीच जास्त दाखवतो, त्यावर मेंब्रेनला फाशी देऊ नका. पंधरा मिनिटांनंतर मोजा. आत जाणाऱ्या आकड्यातून हा आकडा वजा करा आणि आत जाणाऱ्याने भागा, ९० टक्क्यांच्या वर मीठ अडत असेल तर मेंब्रेन ठणठणीत. ८० च्या खाली गेलं तरच बदलायचा विचार.

त्याच वेळी मेजरिंग कप लावून एक मिनिट पाणी मोजा. ७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलनचं) मेंब्रेन म्हणजे तासाला साधारण १२ लिटर, मिनिटाला २०० मिली. कमी पडलं की आधी बाहेरचा प्री-फिल्टर बघायचा, मग पंप.

डिचोलीकर:
वरच्या काकांनी बरोबर सांगितलंय, मी एकच भर घालतो. तुमच्या मशीनला टीडीएस कंट्रोलर आहे का बघा, छोटा प्लास्टिकचा स्क्रू असतो. तो उघडला की कच्च्या पाण्याची एक धार मेंब्रेनला वळसा घालून सरळ शुद्ध पाण्यात मिसळते. आपल्याकडे नळाचं पाणी मुळात हलकं, आरओमधून ते आणखी बेचव होतं म्हणून बसवायला येणारे तो स्क्रू उघडून देऊन जातात. आणि मोटर बंद झाल्यावर वेस्टच्या पाईपमधून थेंब पडतात का तेही बघा, पडत असतील तर सोलेनॉइड व्हॉल्व (एसव्ही), म्हणजे मोटर थांबली की पाणी अडवणारी विजेवरची झडप, नीट बंद होत नाहीये.

शिवोलीची_सून:
काका, दादा, देव बरें करूं. काल आमच्या ह्यांनी आणि मी मिळून सगळं केलं. नळ ५०, विहीर १,१९०, गच्चीवरची टाकी ६२०. एवढं खारं पाणी आम्ही टाकीत भरत होतो हे बघूनच धस्स झालं. मेंब्रेनच्या पाईपला पंधरा मिनिटांनी ३८ आले म्हणजे जवळजवळ ९४ टक्के, मेंब्रेन शाबूत! कंट्रोलर आहे आणि स्क्रू बऱ्यापैकी उघडा होता. पूर्ण बंद केला, आतली टाकी रिकामी करून परत भरली, आता ग्लासात ४१.

पाणी मिनिटाला ११० मिलीच येत होतं. प्री-फिल्टरची वाटी उघडली तर आतली कॅन्डल पांढऱ्याची चिऱ्यासारखी लाल, बोट फिरवलं की गाळ लागतो, आणि वाटीच्या तळाला चिखलाचा थर. म्हापशाच्या बाजारातून नवी आणून बसवली, १९० मिली झालं. मोटर आता टाकी भरली की बंद होते. थेंब मात्र पडतायत.

फिल्टरवाला_फोंडा:
छान काम केलंत. थेंब पडतायत म्हणजे एसव्ही बदला, छोटा पार्ट आहे, रात्रंदिवस पाणी वाया जातं ते थांबेल. कार्बन फिल्टर किती दिवसांचा आहे तेही बघा, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तो अडवतो, तो संपला की क्लोरीन मेंब्रेन खातं. आणि पाऊस लागला की नळालाही गढूळ पाणी येतं, तेव्हा कॅन्डल दर महिन्याला उघडून बघत जा.

खाडीकाठ:
माझं थोडं वेगळं मत. नळाचं ५० असेल तर वर्षातले दहा महिने तुम्हाला आरओची गरजच नाही. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, ५०० पर्यंतचा टीडीएस मान्य आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या खाली आरओ नको असंच सांगितलं होतं. पिण्यासाठी नळाच्या पाण्याची वेगळी छोटी टाकी ठेवा आणि विहिरीचं पाणी बाथरूम-बागेला वळवा.

पण मुलं आहेत म्हणून कळकळीने सांगतो, मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतू सांगत नाही. ४१ आला म्हणजे पाणी सुरक्षित असं नाही. तुमच्या घराचा सोकपिट (संडासाचा शोषखड्डा) विहिरीपासून किती लांब आहे? जंतू तपासायची एचटूएसची बाटली मिळते, त्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर दूषित. विहिरीचं आणि आरओचं दोन्ही करून बघा, आणि आरओतली साठवणीची टाकी शेवटची कधी धुतली होती तेही आठवा.

शिवोलीची_सून:
सोकपिट विहिरीपासून जेमतेम वीस पावलांवर आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. दोन बाटल्या मागवल्यात. तोपर्यंत मुलांना उकळलेलंच देतेय आणि आतली टाकी आज धुवायला काढलीय. विहिरीचा पाईप गच्चीवरून तोडायला प्लंबरला सोमवारी बोलावलंय. सकाळचा चहा सासूबाईंनी पूर्ण संपवला.