‘कॉम्प्लेक्स आयन’: संकुल की जटिल?

अर्धविराम:
रसायनाची टिपणं मराठीत उतरवतोय. ‘संक्रमण धातू संकुल आयन तयार करतात’ असं लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ‘संकुल’खाली लाल रेघ मारून बाजूला लिहिलं, ‘क्रीडा की व्यापारी?’ त्यांच्या वेळी म्हणे ‘जटिल आयन’ होतं. पण यात जटिल काय आहे? मधे धातूचा आयन, भोवती चार-सहा लिगंड, म्हणजे त्याला चिकटलेले अमोनियासारखे रेणू किंवा आयन. संपलं. कोणता शब्द ठेवू?

पाटीपेन्सिल:
जटिलच! मूळ संस्कृत अर्थ जटा असलेला. मधे धातू, चहूबाजूंनी जटा. गुंतागुंत हा अर्थ नंतरचा.

तिरकस:
अहो, जटा डोक्यातूनच उगवतात. अमोनिया बाहेरून येतो, स्वतःची इलेक्ट्रॉनजोडी देऊन चिकटतो. संकुल म्हणजे दाटलेला, तेच बरोबर. बिल्डरांनी शब्द पळवला तर रसायनानं का सोडावा?

गाळणकागद:
माझं भांडण ‘संक्रमण’शी आहे. भाचीनं ‘संक्रमण धातू’ वाचून विचारलं, “यांना कशाची लागण झाली?” करोनात हिंदीतलं संक्रमण आलं ते गेलंच नाही. लागण, संसर्ग हे शब्द काय वाईट होते?

पाटीपेन्सिल:
म्हणून आपला शब्द टाकायचा? संक्रमण म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाणं. सूर्याचं होतं तसं. रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स ब्यूरीनं 1921 मध्ये ‘ट्रान्झिशन’ वापरला तोही आतलं कवच 8 इलेक्ट्रॉनांवरून 18 वर जातं त्या टप्प्यासाठी. चपखल आहे.

अर्धविराम:
ते राहू दे. संकुल की जटिल?

परीक्षानळी:
गुंता खराच होता हो. कोबाल्टची तिन्ही क्लोराइडं जोडून झाली, तरी तो वर अमोनियाचे सहा रेणू घेतो, हे कुणाला उलगडेना. सहा अमोनियाच्या पिवळ्या क्षारात सिल्व्हर नायट्रेट घातलं की तिन्ही क्लोराइडं साक्यात येतात. पाचाच्या जांभळ्यात दोनच, चाराच्या हिरव्यात एकच. बाकीची गेली कुठे? आल्फ्रेड वेर्नर या रसायनशास्त्रज्ञानं 1893 मध्ये सांगितलं, ती धातूला थेट चिकटून बसलीत, सुटी नाहीत. 1913 चं नोबेल त्याला या कामासाठीच मिळालं. तेव्हा ‘जटिल’ला माझं मत, पण जटांसाठी नाही.

तिरकस:
उलगडलं ना? मग आता जटिल कशाला?

मोरपीस:
तुम्ही भांडत बसा. अशा एका संयुगाचं, कॉपर सल्फेटचं, बारसं मराठीनं कधीच केलंय: मयूरतुत्थ, त्याचं मोरचूद. तापवली की पांढरी भुकटी होते, पाण्याचा थेंब पडला की पुन्हा निळी. स्फटिकातल्या पाच पाण्यांपैकी चार तांब्याला चिकटलेली असतात, रंग त्यांच्यामुळे.

परीक्षानळी:
खरा मोर पुढे आहे. त्या द्रावणात अमोनिया थेंबथेंब घाला. आधी फिकट निळा साका येतो. वाटतं, बिघडलं. घालत राहा, साका विरघळतो आणि असा गर्द निळा उतरतो की मोराची मान आठवावी. नाव चुकून आधीच्या बाटलीला लागलंय.

गाळणकागद:
‘तापवली’? मोरचूद तो आहे हो.

मोरपीस:
आमच्याकडे ती.

पाटीपेन्सिल:
तुत्थ नपुंसकलिंगी, म्हणजे ते मोरचूद.

अर्धविराम:
मंडळी, टिपणं उद्या द्यायची आहेत.

गाळणकागद:
ते मोरचूद? कुणाच्या तोंडी ऐकलंत?