मदत हवी आहे: चेहरा न दाखवता स्वतःचं डिजिटल चित्र, पण होतंय कोल्हापूरचं पोस्टर

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपला आहे. संध्याकाळी टॅबवर आयबिस पेंटमध्ये चित्रं काढतो. ऑनलाइन वर्गात शेवटचं काम आलंय: चेहरा न काढता, नुसत्या प्रतीकांतून स्वतःचं चित्र. आपल्याला काय आवडतं आणि आपण काय मानतो, दोन्ही दिसलं पाहिजे.

मधोमध माणसाची काळी आकृती काढली, तिच्यात चप्पल, हलगी, फेटा, रंकाळा, डोक्यावर पन्हाळा. बायको म्हणाली, "एसटी स्टँडवर लावा, पर्यटक येतील." खरंच आहे. मला हलगी वाजवता येत नाही आणि फेटा लग्नात बांधला तेवढाच, तोही दुसऱ्यानं.

माझं म्हणावं असं: पेठेच्या संघात गोलकीपर होतो, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अजून जातो. वडील सुतार. त्यांचा रंधा माझ्याकडे आहे, मूठ घामानं काळी पडलेली, अंगठ्याच्या जागी खळगा. पण "काम करताना थोडं जास्तच द्यावं" हे वडिलांचं म्हणणं कसं काढायचं? तराजू, पणती, कबुतर कृपया सुचवू नका.

आणि ए-३ छापायचंय. ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) कॅनव्हास घेतला की टॅब लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, वाढवू देत नाही.

रेषावेडी:
आकृतीत वस्तू कोंबायचा प्रकार आधी सोडा, असली चित्रं ढिगानं सापडतात. व्हॅन गॉगनं १८८८ मध्ये नुसती आपली खुर्ची रंगवली, बसायच्या जागेवर पाइप आणि तंबाखू. माणूस कुठंच नाही, तरी खुर्ची कुणाची ते कळतं, कारण ती वापरातली आहे. तुमचा रंधा त्याच जातीचा. मुठीवरचा खळगा मन लावून काढा, बाकी रंधा ढोबळ असला तरी चालेल. पॅटर्न शॉपला नक्की काय करता?

शिरोलीकर:
लाकडाचा नमुना. तो वाळूत ठासून बाहेर काढला की पोकळी उरते, तिच्यात वितळलेलं बीड (ओतीव लोखंड) ओततात. बीड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मुळातच साधारण १ टक्का मोठा धरायचा. त्यासाठी वेगळी पट्टी असते, श्रिंकेज स्केल. तिच्यावरचा ३०० चा आकडा खऱ्या मापानं ३०३ मिमीवर येतो.

रेषावेडी:
अहो, मग वडिलांचं म्हणणं तुमच्या टेबलावरच पडलंय की! साधी पट्टी आणि ही पट्टी शेजारी ठेवा, शून्याला शून्य जुळवून. पुढे रेघा हळूहळू सुटत जातील. खाली काही लिहू नका, ज्याला दिसेल त्याला दिसेल.

पेठेतला:
भावा, लय भारी विषय. वाळूत कीपरच्या ग्लोव्हजचा ठसाच दाखव की, काम आणि खेळ एकातच येतंय. फक्त जपून, खोलगट आकार चित्रात उलटा फुगीर दिसतो, कारण उजेड वरनंच येतो असं डोळा धरून चालतो. उजेड वरून डावीकडून घेतलास तर पोकळीत सावली वरच्या डाव्या कडेला पाडायची आणि खालची उजवी भिंत उजळ ठेवायची. शेजारी रंधा ठेव, त्याची सावली बाहेर उजवीकडं खाली पडू दे. मग घोटाळा होत नाही.

लेयरचं म्हणशील तर ए-३ ला ३०० डीपीआय म्हणजे ३५०८ × ४९६१ पिक्सेल. पूर्ण भरलेला एकेक लेयर सत्तर एमबीच्या घरात जातो, टॅब तरी काय करणार? २०० वर आण, २३३९ × ३३०७. मेमरी निम्म्याहून कमी लागते आणि भिंतीवर लावायला तेवढं पुरतं. वाळू, ठसा, रंधा, पट्ट्या असे चारच लेयर ठेव, कच्चं काम झालं की मर्ज करत जा.

शिरोलीकर:
दोघांचेही आभार, ठसा घेतोच. पण आमची वाळू काळी असते, कोळशाच्या भुकटीमुळं. काळ्यात सावली कशी दिसणार?

रेषावेडी:
वाळूला शुद्ध काळा देऊच नका. मध्यम करडा घ्या, काळा फक्त ठशाच्या तळाला. छापताना गडद रंग अजून दाबले जातात, म्हणून आधी ए-४ वर एक प्रिंट काढून बघा. ठशाच्या कडेला फिकं काही असतं का?

शिरोलीकर:
असतं. नमुना वाळूला चिकटू नये म्हणून पार्टिंग पावडर मारतो, ती कडेला पांढरी राहते. तीच काढतो. प्रिंट आली की इथं टाकतो.