भाजलेले कणीस आणि त्यावरचा मसाला: आपापले अनुभव लिहावेत

पुणे
बाजारात कणसे दिसू लागली की आमच्या घरी माळ्यावरची शेगडी खाली येते. कणीस उत्तम भाजले जाते. मात्र वरून भुरभुरलेला मसाला तोंडाआधी ताटात पडतो. सिंहगडावर खाल्लेल्या कणसाचे असे कधी झाले नाही. आपण कणीस कशावर भाजता, त्याला काय लावता आणि ते टिकते कसे, हे सविस्तर लिहावे. फसलेले प्रयोग अवश्य सांगावेत.

सातारा
मसाला भुरभुरायचा नसतो, चोळायचा असतो. अर्ध्या लिंबाची कापलेली बाजू मीठ-तिखटाच्या वाटीत दाबावी आणि कणीस निखाऱ्यावरून उतरवताच, हाताला चटका बसत असला तरी, ते लिंबू किंचित पिळत दाण्यांच्या ओळींवरून शेंड्यापासून देठापर्यंत फिरवावे. रसात मीठ विरघळते, तिखट फटींत बसते आणि कणसाच्या उष्णतेने वरचा ओलावा आटतो. कणीस निवल्यावर हेच केले, तर नुसते ओले कणीस हाती येते. मी तिखटात चिमूटभर पादेलोण घालते. ते घरात सर्वांना रुचत नाही, पण शेगडीपाशी मीच बसलेली असते.

नागपूर
आम्ही भुट्टा म्हणतो. माझा अनुभव मसाल्याच्या आधीचा आहे. गेल्या वर्षी स्वीट कॉर्न थेट गॅसच्या मोठ्या आचेवर धरले आणि फुटलेला एक दाणा चष्म्याच्या काचेवर येऊन चिकटला. त्यात पाणी अधिक असते, म्हणून आच मंद हवी. देशी मका घेताना दाण्याला नख लावून पाहतो : दुधासारखा रस आला तर घ्यावे, नुसते पाणी आले तर कणीस कोवळे, आणि काहीच आले नाही तर ते जून समजावे.

कोल्हापूर
मी लोण्यात कांदा-लसूण मसाला कालवून तो भाजण्यापूर्वीच लावला होता. लोणी निखाऱ्यांवर ठिबकून जाळ उठला, लसूण करपून कडू झाला आणि कणसावर काजळी धरली. आता तेच मिश्रण कणीस उतरवल्यावर लावतो. मसाल्यात मीठ असतेच, त्यामुळे वेगळे घालत नाही.

डॅलस
आमच्या मेक्सिकन शेजारणीकडे एलोते खाल्ले. भाजलेल्या कणसाला मेयोनेज आणि आंबटसर क्रेमा यांचा पातळ लेप, त्यावर कोतिहा हे खारट, भुसभुशीत चीज, मग मिरचीपूड आणि लिंबाचा रस. तो लेपच खळीचे काम करतो. घरी मी मेयोनेजऐवजी दही लावले, ते कोपरापर्यंत ओघळले. दुसऱ्या वेळी रात्रभर टांगून ठेवलेला चक्का घेतला, त्यावर शेंगदाण्याची सुकी चटणी दाबून बसवली, आणि मुलांनी ताटलीही मागितली नाही.

पुणे
सर्वांचे आभार. काल साताऱ्याच्या पद्धतीने चार कणसे केली. ताट कोरडे राहिले, मात्र बोटावरच्या जुन्या चिरेत लिंबू-तिखट गेल्याने चौथे कणीस यजमानांना चोळावे लागले. चक्क्याचा प्रयोग रविवारी करीन. त्यासाठी दही म्हशीच्या दुधाचे घ्यावे की गाईच्या, हे डॅलसकरांनी कळवावे.