कॅल्शियम रिअ‍ॅक्टर सुरू केल्यावर दोन दिवसांत अल्कलिनिटी ८ वरून ११.६ वर गेली. प्रवाह किती ठेवावा?

प्रवाळवेडा, न्यू जर्सी

नमस्कार. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, खालच्या संपसह (उपकरणे ठेवायच्या जोडटाकीसह), प्रत्यक्ष पाणी सुमारे ४०० लिटर आहे आणि त्यात मुख्यतः अ‍ॅक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा ही प्रवाळे आहेत. आजवर मी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट, ज्यातून प्रवाळे सांगाडा बांधतात) यांची दोन द्रावणे रोज हाताने घालत असे. ती तीन दिवस पूर्ण बंद ठेवून रोज एकाच वेळी मोजणी केली, तेव्हा अल्कलिनिटी दररोज सरासरी १.४ डीकेएचने (डीकेएच हे अल्कलिनिटीचे एकक) उतरते असे दिसले. म्हणून मी कार्बन डायऑक्साइड सोडून कॅल्शियम कार्बोनेट विरघळवणारा आणि ते पाणी टाकीला देणारा एक जुना वापरलेला रिअ‍ॅक्टर घेतला, त्यात अ‍ॅरागोनाइटचा जाड मीडिया (विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेटचे खडे) भरला, आतल्या पाण्याचा सामू कंट्रोलरवर ६.५ ला लावला आणि बाहेर पडणारा प्रवाह मिनिटाला ६० मिलिलिटर ठेवला. दोन दिवसांत टाकीची अल्कलिनिटी ८ वरून ११.६ वर आणि कॅल्शियम ४२० वरून ४४५ वर गेले, टाकीचा सामू पहाटे ७.७ इतका खाली आला आणि दोन अ‍ॅक्रोपोरांची टोके पांढरी पडली. रिअ‍ॅक्टरमधून निघणारे पाणी मोजले तर ते २४ डीकेएच भरते. माझे कुठे चुकले? शिवाय पुढच्या महिन्यात कोकणात घरी जाणार आहे. तिथल्या किनाऱ्यावर पडलेले प्रवाळांचे तुकडे मीडिया म्हणून चालतील का?

निवळी

आपण रोजची गरज आधी मोजली हे फार चांगले केले, कारण तो आकडा हाती असल्यामुळे चूक नेमकी कुठे झाली ते सांगता येते. ४०० लिटर पाण्याला दररोज १.४ डीकेएच लागतात, म्हणजे गुणाकार ५६० येतो. निघणारे पाणी २४ चे आणि टाकी ८ ची असल्यामुळे प्रत्येक लिटरमागे टाकीला १६ ची भर मिळते. ५६० ला १६ ने भागले की दिवसाला ३५ लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण २४ मिलिलिटर, एवढाच प्रवाह पुरेसा होता. आपण ६० ठेवल्यामुळे दिवसाला ८६ लिटर पाणी येत राहिले आणि गरजेच्या अडीचपट पुरवठा झाला. रिअ‍ॅक्टरमध्ये बिघाड नाही. त्याने सांगितले तेवढे काम इमानाने केले.

कॅल्शियमची वाढही याच हिशेबात बसते. कार्बन डायऑक्साइडमुळे आम्ल झालेल्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट विरघळते, तेव्हा प्रत्येक १ डीकेएचबरोबर लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम येते आणि हे प्रमाण बदलता येत नाही. त्यामुळे दोन्हींपैकी एखादे आधीच कमी-जास्त असेल, तर ते हाताने दुरुस्त करून घ्यावे लागते. रिअ‍ॅक्टर असलेला समतोल टिकवतो, बिघडलेला समतोल सावरत नाही.

आता प्रथम वायू आणि प्रवाह दोन्ही बंद करावेत आणि प्रवाळांनाच अल्कलिनिटी खाली आणू द्यावी. घाईने मोठे पाणीबदल करू नयेत, कारण चढण्याइतकेच झपाट्याने उतरणेही अ‍ॅक्रोपोराला बाधते. ८.५ च्या आसपास आल्यावर २० मिलिलिटरपासून पुन्हा सुरुवात करावी. सामू आणि प्रवाह एकाच दिवशी कधीही बदलू नयेत. एक बदल केल्यावर निदान चोवीस तास थांबून मगच मोजावे, कारण आतल्या पाण्याला स्थिर व्हायलाच कित्येक तास लागतात.

खारेपाणी, दुबई

वरचा हिशेब बरोबर आहे. मी सामूबद्दल लिहितो, कारण ७.७ हा आकडा मला अधिक काळजीचा वाटतो. रिअ‍ॅक्टरमधून निघणाऱ्या पाण्यात न वापरलेला कार्बन डायऑक्साइड उरतो. प्रवाह कमी झाल्यावर तो आपोआप कमी होईल, तरीही ते पाणी स्किमर (हवेच्या फेसाने पाणी साफ करणारे उपकरण) जिथून पाणी खेचतो त्याच्या जवळ सोडावे, म्हणजे बराच वायू तिथेच उडून जाईल. शक्य असल्यास मीडियाने भरलेला दुसरा कक्ष पुढे जोडावा. उरलेले आम्ल त्या मीडियावर खर्च होते. आपल्याकडे हिवाळ्यात खिडक्या बंद असतील, तर घरातल्या हवेतला कार्बन डायऑक्साइडही सामू खाली ओढत असतो, म्हणून स्किमरची हवेची नळी बाहेर काढून पाहावी.

बाष्पीभवनाची भर साध्या आरओ पाण्याऐवजी चुन्याच्या निवळीने रात्री थेंबथेंब घातली, तर पहाटेचा सामू चांगला सावरतो. मात्र संपृक्त निवळीचा एक लिटर आपल्या टाकीची अल्कलिनिटी सुमारे ०.३ डीकेएचने वाढवतो, तेव्हा तेवढा भार रिअ‍ॅक्टरवरून कमी करावा लागेल.

जुना रिअ‍ॅक्टर घेतला आहे, म्हणून सामू मोजणारा प्रोब आधी सामू ७ आणि ४ असलेल्या द्रावणांत तपासून घ्यावा. तो जास्त आकडा दाखवत असेल, तर आतले पाणी समजुतीपेक्षा अधिक आम्ल असते आणि मीडियाचा चिखल होतो. सिलिंडरमध्ये किती वायू उरला हे दाबमापकावरून कळत नाही, कारण आत द्रव असेपर्यंत दाब जवळजवळ तसाच राहतो. सिलिंडरचे वजन करणे हाच खरा उपाय आहे.

निवळी

कोकणातल्या तुकड्यांचे राहिले. कृपया आणू नयेत. भारतात कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे सांगाडा किनाऱ्यावर मेलेला सापडला तरी तो उचलण्याची मोकळीक आहे असे समजू नये. अशा तुकड्यांत फॉस्फेट किती साठले आहे हेही ठाऊक नसते, आणि मीडिया विरघळला की ते सगळे टाकीत उतरते. आपण प्रवाळांवर एवढी माया करता, तर मालवणची प्रवाळे पाण्यात उतरून पाहून यावीत.

प्रवाळवेडा, न्यू जर्सी

तीन आठवड्यांनी कळवत आहे. प्रोब खरोखरच ०.२ ने जास्त दाखवत होता. तो दुरुस्त करून कंट्रोलर ६.६ वर ठेवला. रोज दोन लिटर चुन्याची निवळी रात्री जाते, म्हणून रिअ‍ॅक्टरचा प्रवाह मिनिटाला १४ मिलिलिटर पुरतो. झडप इतक्या बारीक प्रवाहाला सारखी तुंबत होती, तेव्हा निघणाऱ्या बाजूला पेरिस्टाल्टिक (नळी दाबत पाणी पुढे ढकलणारा) पंप बसवला आणि तो त्रास संपला. पाणी मीडियाजवळ अधिक वेळ राहत असल्यामुळे निघताना ते अजूनही २४ डीकेएचच भरते. टाकीची अल्कलिनिटी ८.२ ते ८.५ च्या दरम्यान आहे आणि पहाटेचा सामू ७.९ च्या खाली गेलेला नाही. एका अ‍ॅक्रोपोराचे टोक पुन्हा रंग धरू लागले आहे. दुसऱ्याची मेलेली फांदी मात्र तोडावी लागली. किनाऱ्यावरचे काहीही आणणार नाही. आपणा दोघांचे मनापासून आभार.