सल्ला हवा: स्टाफरूमला एकाच डॉकवर काम करायला कसं शिकवू?

खडूवाली
नमस्कार मंडळी. पेठेतल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इतिहास-भूगोल शिकवते. गेल्या महिन्यात संगणक कक्षात आठवी 'ब'ला एक गूगल डॉक (सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येतं असं ऑनलाइन पान) उघडून दिलं, सगळ्यांना लिंक एकच. मुलं ५२, चालू मशीन १३. विषय 'आमच्या गल्लीतल्या जुन्या गोष्टी'. पहिली सहा-सात मिनिटं काय मजा! एका पानावर तेरा कर्सर नाचतायत, कुठे निनावी कोल्हा, कुठे निनावी पाणमांजर (लॉगिन नसलं की गूगल अशी नावं देतं). मग कुणीतरी कंट्रोल-ए दाबून डिलीट मारलं. पान कोरं. मागून लगेच "बाई, मी नाही!" असा आवाज आला, त्यामुळे कुणी केलं ते कळलंच. मी माझ्या मशीनवर वीस वेळा कंट्रोल-झेड दाबलं, ढिम्म. दोन मुली रडायला लागल्या आणि घंटा झाली.

आमच्या मुख्याध्यापिका बाईंना मात्र प्रयोग आवडला! आता येत्या दोन शनिवारी मी बाकीच्या १८ शिक्षकांना हे शिकवायचंय. निम्मे पन्नाशीपुढचे. व्हॉट्सॲपवर सगळे तरबेज, पण डॉक म्हटलं की "तुम्हीच करा ना, तुम्हाला येतं." जॅमबोर्ड (गूगलचा ऑनलाइन फळा), पॅडलेट (चिठ्ठ्या चिकटवायचा ऑनलाइन बोर्ड), कहूत, कॅनव्हा (पोस्टर-चित्रं बनवायचं ॲप) यातलं काय घेऊ? फुकट हवं. मुलांना शाळेत मोबाईल आणू देत नाही.

तांबडा_पेन
आधी गेलेलं परत आणा. तुमचं कंट्रोल-झेड चाललं नाही कारण डॉकमध्ये ते ज्याची त्याची करणी तेवढी उलटवतं. त्या 'मी नाही'वाल्याच्याच मशीनवर लगेच दाबलं असतं तर सगळं परत आलं असतं. अजूनही उशीर झालेला नाही. फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी उघडा, पान कोरं होण्याच्या जरा आधीची प्रत निवडा आणि रिस्टोअर करा. शिक्षकांना पहिल्या पाच मिनिटांत हेच दाखवा. 'बिघडलं तर?' ही भीती गेली की निम्मं काम झालं.

यादीबद्दल म्हणाल तर जॅमबोर्ड गूगलने २०२४ च्या अखेरीस बंदच केला, जुन्या प्रशिक्षणाच्या नोट्समध्ये तो अजून दिसतो एवढंच. कहूत ही प्रश्नमंजुषा, त्यात मुलं मिळून काही घडवत नाहीत. पॅडलेट छान आहे, पण फुकटात मोजकेच बोर्ड मिळतात. १८ जणांना एकच गोष्ट शिकवा.

खडूवाली
आलं परत!! अक्षरशः सगळं. धन्यवाद.

निवृत्त_मास्तर
बाई, माझं ऐकाल तर शनिवारी 'वर्गात कसं वापरायचं' हा विषयच काढू नका. आमच्या शाळेत परीक्षेच्या पर्यवेक्षणाचा तक्ता नोटीस बोर्डावर लागायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर तीन रंगांच्या पेनांनी खाडाखोड. "माझी मंगळवारची पाळी घेता का, मी तुमची गुरुवारची घेतो" हे सगळं जिन्यात ठरायचं. एका वर्षी तो तक्ता गूगल शीटमध्ये टाकला आणि सांगितलं, अदलाबदल इथेच करायची, कागदावरची धरली जाणार नाही. 'मला जमत नाही' म्हणणारे आमचे संस्कृतचे सर दुसऱ्याच दिवशी स्वतःची पाळी बदलून मोकळे! गरज स्वतःची असली की माणूस शिकतो. प्रशिक्षण म्हटलं की वहीत नोट्स काढतो आणि वही कपाटात जाते.

साधी_राहणी
एक विचारू का, रागावू नका. चार मुलांना एक मशीन, ३५ मिनिटांचा तास, त्यात लॉगिनला दहा. हेच कार्डशीट आणि स्केचपेननं होत नाही का?

तांबडा_पेन
पुष्कळदा होतं, आणि होत असेल तर कार्डशीटच वापरावं. फरक पडतो तो एका गटाचं दुसऱ्या गटाने वाचून त्यावर काही म्हणायचं असतं तेव्हा. मी डॉक न वापरता गूगल स्लाइड्स वापरतो. एकच प्रेझेंटेशन, गटाला एक स्लाइड, वर गटाचा क्रमांक. दुसऱ्याच्या स्लाइडवर टाइप करायचं नाही. पहिली वीस मिनिटं आपापलं, मग प्रत्येक गटाने पुढच्या क्रमांकाची स्लाइड उघडून कॉमेंटमध्ये एक प्रश्न विचारायचा. 'छान आहे' लिहिलेलं चालत नाही, प्रश्नच हवा. "तुझ्या आजीला हे कुणी सांगितलं?" असा प्रश्न एका पोराने विचारला होता. इतिहासाच्या तासाला याहून काय हवं?

चौघांत टाइप करणारा दर पाच मिनिटांनी बदला, नाहीतर एकच हुशार पोर कीबोर्ड धरून बसतं.

दोन_लेकरांची_आई
पालक म्हणून लिहिते. मुलांना घरच्यांच्या जीमेलने लॉगिन करायला सांगू नका, माझ्या मेल्स वर्गभर उघड्या राहिल्या होत्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ खालच्या सगळ्यांना मूलच धरलंय, पालकांच्या संमतीची तरतूद आहे. शाळेने गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनसाठी अर्ज करावा, मूळ आवृत्ती पात्र शाळांना फुकट आहे आणि मुलांची खाती शाळेच्या ताब्यात राहतात. शिवाय निनावी कोल्ह्याने काय खोडलं ते हिस्टरीत नावानिशी दिसत नाही, खातं असलं की दिसतं. खाती येईपर्यंत नुसती आकृती काढायची असेल तर एक्सकॅलिड्रॉ बघा, लॉगिनच लागत नाही.

पेठेतला
टायपिंगचं कुणीच बोललं नाही. जुन्या मराठी फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका डॉकमध्ये चिकटवल्या की अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोडच (कुठल्याही मशीनवर सारखीच दिसणारी अक्षरं) लागेल. ज्यांना कीबोर्ड नको त्यांना क्रोममध्ये टूल्स मेनूतलं व्हॉइस टायपिंग दाखवा, भाषा मराठी निवडायची. जोडाक्षरं बरी येतात, विरामचिन्हं नंतर हाताने घालायची.

आणि विषय तुमच्या दाराशीच आहे की. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटून पुण्यात आलेला पूर. तेव्हा दहा वर्षांचे असलेले आजी-आजोबा आज पंचाहत्तरीत आहेत. पाणी कुठवर आलं होतं, कुणी कुठे आसरा घेतला, हे विचारून गूगल माय मॅप्सवर खुणा लावा. एका नकाशात दहाच लेयर (थर) मिळतात, म्हणून तेरा गटांना तेरा न देता पेठ किंवा भागाप्रमाणे करा: शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, डेक्कन. उशीर करू नका, सांगणारे कमी होतायत.

खडूवाली
पहिला शनिवार झाला. मास्तरांचंच ऐकलं, घटक चाचणीचा पर्यवेक्षण तक्ता शीटमध्ये टाकला. १८ पैकी ११ जणांनी तिथल्या तिथे पाळ्या बदलल्या, दोघांचं त्यावरून वाजलंही. चित्रकलेच्या सरांनी चुकून अख्खा तक्ता गुलाबी केला. परत आणायला मी पुढे जाणार तोच गणिताच्या बाई म्हणाल्या, "थांबा, मी करते," आणि केलं. साधी_राहणी, कार्डशीटही आणून ठेवलंय, वीज दोनदा गेली. पुढच्या शनिवारी स्लाइड्स. पानशेतसाठी पेठांची वाटणी मुलांवर सोपवलीय, सध्या डेक्कन कुणालाच नकोय.